सदतीस बाण

दत्तानं मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावाकडं कुठल्याही लग्नात गेलो की मला एकच प्रश्न येतो, "तुमचं दोघांचं काय बिनसलं?" आणि विचारणारा बुंदीचा घास हातात तसाच धरून वाट बघत बसतो. घ्या उत्तर. अठरा वर्षं ज्याच्याबरोबर एका शेडमध्ये काम केलं, त्यानं वाटणीच्या दिवशी माझ्या हातात पोकळ हार्ड डिस्क ठेवली.

गाव सोडलं तेव्हा माणसं दोन होती आणि पत्र्याची पेटी एक. उदगीरच्या स्टँडवर दुपारच्या एसटीत कंडक्टर पेटीचं वेगळं तिकीट मागायला लागला. मी त्याच्याशी एवढा भांडलो की बस दहा मिनिटं उशिरा निघाली, पण तिकीट काही काढलं नाही. दत्ता तेवढा वेळ दुसरीकडं तोंड करून उभा होता, जणू पेटी त्याची नव्हतीच. माझे वडील सायकल दुरुस्तीचं दुकान अर्धं उघडं टाकून आले होते. हाताचं वंगण पुसत त्यांनी खिडकीतून दोनच वाक्यं सांगितली. "दत्ता, ह्याचं तोंड सांभाळ. बाळू, ह्याला मागं सोडू नको." बस्स. पाया पडायलाही वेळ दिला नाही, गिऱ्हाईक थांबलंय म्हणून निघून गेले.

चाकणजवळ निघोज्यात आम्हाला एका खोलीत जागा मिळाली. सहा माणसं, तीन कॉट. मी पहिल्या शिफ्टला, दत्ता रात्रीच्या शिफ्टला, म्हणून आम्हा दोघांना एक कॉट पुरायची. आठ-आठ दिवस आमची भेट फक्त उशीच्या खड्ड्यातून व्हायची. आज गावातली पोरं फोन करतात, "काका, चाकणला कंपनीत चिकटवा की, पण एसी पाहिजे आणि खोली सेपरेट." मी म्हणतो, ये बाबा, तुझ्यासाठी गालिचा अंथरून ठेवलाय.

काँट्रॅक्टरची चाकरी चार वर्षं केल्यावर आम्ही भाड्याची शेड घेतली. फिक्स्चर बनवायला लागलो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, गाडीचा पार्ट वेल्डिंग करताना तसूभर हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा म्हणजे फिक्स्चर. दत्ता त्याचं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायचा, मी ऑर्डर आणायचो. दत्ताचा हात चांगला, पण गोगलगाय बरी. एकच माप चार वेळा घेणार, पुसणार, परत घेणार. समोर कंपनीचा माणूस घड्याळ बघत बसलाय आणि हा व्हर्नियर डोळ्याला लावून बसलाय. त्याच्या वाट्याचं बोलणंही मीच बोलायचो. जोरात बोलायचो. तसं बोललो म्हणूनच ती शेड चालली, नाहीतर दत्ता अजून माप घेत बसला असता.

वेगळं व्हायचं कारणही तेच झालं. एका कंपनीचा परचेसवाला मला म्हणाला, "तुमचं काम ठीक आहे, पण रेट आम्ही सांगू तो." कालचं पोरगं, गळ्यात आयकार्ड, बुटाला धूळ नाही. मी त्याला त्याच्याच केबिनमध्ये जे सुनवायचं ते सुनवलं. बाहेर आल्यावर दत्ता म्हणाला, "बाळ्या, तुझ्या तोंडापायी अजून किती गिऱ्हाईकं घालवायची? मला आता सोसना." अठरा वर्षांत पहिल्यांदा दत्ता न अडखळता बोलला आणि बोलला ते हे. मी म्हणालो, मग हो वेगळा.

वाटणीला पंच नव्हते. मिलिंग मशीन, शेड आणि कॉम्प्युटर त्याला. वेल्डिंगचा संच, ड्रिल मशीन आणि सगळ्या ड्रॉइंगची एक कॉपी मला. मी तळेगावला जागा बघून ठेवली होती. ड्रॉइंगशिवाय तिथं मी म्हणजे नुसता वेल्डर. जुन्या गिऱ्हाइकाला तोच सांगाडा परत लागतो, आणि ड्रॉइंग नसेल तर तो दुसऱ्याकडं जातो. म्हणून हार्ड डिस्क मी स्वतः विकत आणली. पिंपळे सौदागरच्या एका दुकानात अर्धा तास घासाघीस केली. दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला, "घ्या काका, पण ही लय फास्ट आहे, आठवण काढाल." काढतो की.

दत्तानं माझ्यासमोर स्क्रीनवरचे सगळे फोल्डर निवडले, सदतीस होते, आणि डिस्कवर टाकले. चहावाला कप ठेवून वळला नव्हता तोवर काम झालं. मला संशय यायला पाहिजे होता. अठरा वर्षांचं काम एका घोटात कसं जाईल? पण मी म्हणालो, "बघितलंस? माल बघून आणलाय मी." मूर्खासारखी फुशारकी मारली.

आणि मी तपासलं नाही असं समजू नका. मी लोखंडाची पट्टी घेतानाही वाजवून घेतो. तिथंच खुर्चीत बसून डिस्कवरचे फोल्डर एकेक करून उघडले. सगळे उघडले. ड्रॉइंग जागच्या जागी. दत्ता म्हणाला, "झालं समाधान?" मी डिस्क खिशात घातली आणि निघालो.

तळेगावात नव्या कॉम्प्युटरला ती जोडली. सदतीस फोल्डर दिसले, एकही उघडेना. कोपऱ्यावर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवणारी एक बाई आहे. तिच्याकडं डिस्क नेली. तिनं एकदाच बघितलं. "काका, प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बाण दिसतोय का? हे फोल्डर नाहीत, शॉर्टकट आहेत. माल जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातच राहिलाय, तुम्ही फक्त त्याच्याकडं जाणारा रस्ता आणलाय. त्या कॉम्प्युटरला जोडलंत तर उघडेल, दुसरीकडं नाही." मग डिस्क परत देताना म्हणाली, "असं पुष्कळ जण करतात."

ते शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं, पण तोवर माझा पाय किकवर होता.

निघोज्याला शेडच्या दारात गाडी लावली आणि आत चार माणसं काम करत असताना दत्ताला चोर म्हणालो. कॉम्प्युटरचा क्लास केलेला माणूस, त्याला बाण दिसला नाही? मी आणखी बोललो. त्याच्या आईला मी काकू म्हणतो, तिनं चोर जन्माला घातला म्हणालो. दत्ता हातातलं माप बाजूला ठेवून बाहेर आला. मला वाटलं मारतोय. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"चोर मनलास नव्हं?" तो म्हणाला. "मग चोराच्या दारात कशाला उभारलास? जा." आणि त्यानं आतून शटर खाली ओढलं.

त्याला आता सहा महिने झाले. फोन तो उचलत नाही. मी तरी कुठं रोज करतोय. जुनी ड्रॉइंग मी परत काढायला घेतली आहेत. चाकणच्या ज्या कंपन्यांत आमचे सांगाडे लागलेत तिथं गेटपास काढायचा, हेल्मेट घालायचं आणि स्वतःच बनवलेलं काम परक्यासारखं मोजायचं. सिक्युरिटीवाला वहीत लिहितो, "कामाचे स्वरूप: मोजमाप". सदतीसपैकी एकवीस झाली. माप मी आता चार वेळा घेतो.

एवढ्यावर हे संपलं असतं आणि मी सुखानं शिव्या देत राहिलो असतो. पण दिवाळीला गावी गेलो तर बहीण भाकरी थापता थापता म्हणाली, "दत्त्याची आई लई रुसली बग. पोरानं फ्लॅटच्या वास्तुशांतीचे फोटो पेनड्राइव्हमधी भरून धाडले, आन् शाळेतल्या मास्तरकडं लावलं तर एक बी उघडंना. सगळे हसले. पुण्याला जाऊन रिकामा डबा धाडायलाय मनं." मी ताटावरून उठलो. बहिणीला वाटलं भाजी तिखट झाली.

म्हणजे आता माझी पंचाईत बघा. आईला कुणी मुद्दाम रिकामा डबा पाठवत नाही. पण कुणास ठाऊक, मला त्यानं मुद्दाम फसवलं असेल आणि आईच्या वेळी चुकला असेल. मला काही ठरवता येत नाही, आणि ठरवता न येणं मला चालत नाही.

गावाकडच्यांनो, तुम्ही मला "पुण्याचे पाहुणे आले" म्हणता आणि वडिलांच्या घराची किल्ली शेजाऱ्याकडून मागून घ्यावी लागते. तळेगावात मी "ते मराठवाड्याचे". दत्ताच्या सोसायटीत वॉचमन विचारतो, "कुणाकडं?" माझं घर कुठं आहे असं कुणी विचारलं तर मी पत्ता सांगतो, पण तो पत्रं यायच्या कामाचा. उदगीरच्या स्टँडवरचा तो कंडक्टर, ती कॉट, खिडकीतली ती दोन वाक्यं ज्याला सांगावी लागत नाहीत असा एकच माणूस इकडं आहे, आणि तो शटर ओढून आत बसलाय. वडील आता नाहीत. दत्ता, त्यांनी तुला माझं तोंड सांभाळायला सांगितलं होतं, मला तुला मागं सोडू नको म्हणून सांगितलं होतं. माझं काम मी मोडलं, हे मी इथं सगळ्यांसमोर लिहून देतो. काकूंच्या पायावर डोकं ठेवायलाही जाईन, त्याला तुझी परवानगी नको.

पण तू सुटत नाहीस. दत्ता, मला ड्रॉइंग नकोत, ती मी काढतोय. मला उत्तर पाहिजे. त्या दिवशी तू "झालं समाधान?" म्हणालास, तेव्हा तुला बाण दिसत होता का नव्हता? चोर असशील तर सांग, म्हणजे माझा एक तरी शब्द खरा ठरेल. ठाऊक नसेल तर तेव्हाच का नाही बोललास? "बाळ्या, मला बी कळंना" एवढं म्हणायला चार शब्द लागले असते. चार माणसांसमोर मी तुला चोर म्हणालो. त्याच चार माणसांसमोर शटर वर कर, आणि बोल.