रुमालकाकांची पंधरा ताटं

रुमालकाकांच्या पँटच्या डाव्या खिशात कायम एक पिवळा रुमाल असायचा, आणि त्या रुमालाने त्यांनी कधी नाक पुसल्याचं मला आठवत नाही. तो रुमाल फेकण्यासाठी होता. नीट उडावा म्हणून त्याच्या एका टोकाला त्यांनी सुपारी बांधून ठेवली होती. "पूजेची होती हो ती!" असं काकू दर रविवारी म्हणायच्या आणि काका दर रविवारी म्हणायचे, "मग? इथेही कामच करतेय."

आम्ही कॅनडातल्या विंडसरला आलो तेव्हा गावात मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. काका सत्तरच्या दशकात सांगलीहून आलेले. गाड्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून आयुष्य काढलं आणि पट्टी, टेप, कॅलिपर यांच्याशिवाय कशावरही विश्वास ठेवला नाही. रविवारी दुपारी त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही तीन-चार कुटुंबं जमायचो. पोहे काकूंचे, टीव्ही नदीपलीकडच्या डेट्रॉइटचा आणि खेळ फुटबॉल. आपला पायाने खेळायचा नाही, तो लांबुळका चेंडू बगलेत मारून एकमेकांच्या अंगावर कोसळायचा अमेरिकन फुटबॉल. मला त्यातलं एवढंच कळायचं की चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, आणि टचडाउन झालं की तो गडी नाचतो. जरा जास्त नाचला की पंच पिवळं फडकं टाकतो आणि त्याच्या संघाला पंधरा यार्डांचा दंड.

टीव्हीतल्या पंचाच्या आधी काकांचा रुमाल पडायचा. सटकन. सुपारी पडद्यावर टक् करून आपटायची.

"काम झालं ना? मग चेंडू पंचाच्या हातात द्यायचा आणि आपल्या जागी जायचं," काका म्हणायचे. "पगार झाला म्हणून कुणी टेबलावर चढून नाचतं का?"

"आमच्या ऑफिसात नाचतात," मी म्हणायची.

"म्हणून तुमचं सॉफ्टवेअर बंद पडतं, नागपूर!" मी नागपूरची, म्हणून माझं नावच त्यांनी नागपूर पाडलं होतं.

मी काही सोडणारी नव्हते. म्हटलं, "अहो काका, सात जणांना अंगावर घेऊन माणूस पळाला, जीव तोडून पळाला. अर्धं मिनिट कंबर हलवली तर कुणाच्या बापाचं काय गेलं?"

"ज्याच्या नाकासमोर हलवली त्याचं तोंड बघ एकदा," ते म्हणाले. "हरलेल्या माणसापुढं नाचू नये. आणि सामना संपायच्या आधी तर मुळीच नाचू नये."

 मी उठून पोह्यांची दुसरी ताटली भरून घेतली.

बरं, हा दंड टीव्हीपुरता राहिला असता तरी चाललं असतं. पण घरात कुणी जादा आनंद केला की रुमाल पडायचा आणि शिक्षा ठरलेली: पंधरा ताटं घासायची. हाताने. डिशवॉशर होता, पण दंडाला तो चालायचा नाही. माझं कायमच्या वास्तव्याचं पीआर कार्ड आलं त्या दिवशी मी बेसमेंटच्या पायरीवरूनच "आलं, आलं!" ओरडत गिरकी घेतली आणि रुमाल थेट पायाशी. कॅनडाची रहिवासी झाल्यावर मी केलेलं पहिलं काम म्हणजे काकूंच्या सिंकमध्ये पंधरा ताटं. गणपतीत आरतीनंतर तीनदा मोरया झालं आणि माझ्या नवऱ्याने उत्साहात चौथ्यांदा आरोळी ठोकली, तर पाटावरच्या बाप्पासमोर त्यालाही दंड! बाप्पा काही बोलला नाही. त्यालाही ताटांची भीती असावी.

एकदा ताटं घासताना मी वैतागून काकूंना विचारलं, "यांना आनंदाचं एवढं काय वावडं आहे हो?" काकूंनी जिन्याकडे पाहिलं, नळ मोठा केला आणि सांगितलं. काका कॉलेजात कबड्डी खेळायचे. अंतिम सामना, शेवटची चढाई. दोन गडी बाद करून परत फिरले, लोक ओरडायला लागले आणि मध्यरेषा अर्धा फूट पुढे असतानाच यांनी थांबून शड्डू ठोकला. मागून कुणीतरी घोटा धरला. सामना गेला.

"तेव्हापासून ते अर्ध्या फुटाला घाबरतात," काकू म्हणाल्या. "इथल्या नोकरीचं पत्र आलं तर आठ दिवस मला सांगितलं नाही. मुलगी झाली तर पेढे थेट बारशाला. बाहेर तोंडाला कुलूप असतं, पण आत उकळ्या फुटत असतात गं. मला ऐकू येतात."

२०१६च्या हिवाळ्यात काकूंना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परतलं, हात परतला, उजवा पाय मात्र रुसून बसला. हॉस्पिटलातून घरी आल्या तेव्हा काकांनी स्वयंपाकघराच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत पॅसेजमध्ये फुटाफुटावर निळी टेप चिकटवली होती. एकूण तीस रेषा, शेवटची पांढरी. घरी एक गोरी थेरपिस्ट मुलगी यायची. काकू वॉकर धरून एक फूट सरकल्या की ती टाळ्या पिटायची, "गुड जॉब! यू आर अमेझिंग!" काका रेषेशी वाकून बघायचे आणि म्हणायचे, "बारा. उद्या तेरा."

मार्चमध्ये अठराव्या रेषेवर गाडी अडली. पाय चालायला तयार होता, काकू नव्हत्या. मी गेले तर खुर्चीत बसून खिडकीबाहेरचा बर्फ बघत होत्या.

"ती पोर टाळ्या वाजवते तर हे तिला म्हणाले, 'नो क्लॅपिंग प्लीज, शी हॅज नॉट फिनिश्ड.' मी चालले काय आणि बसले काय, यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. कुणासाठी चालू गं मी?"

थेरपिस्टने स्पष्ट सांगितलं होतं की आता बसल्या तर पाय आखडेल आणि मग खुर्ची जन्माची. मी तरातरा गराजमध्ये गेले. काका विंटर टायर मोजत होते. चार टायर, दुसऱ्यांदा मोजत होते.

"तुमच्या त्या फडक्याने काकूंना खुर्चीत बसवलंय," मी म्हटलं. फार बोलले, नको तेही बोलले. काका ऐकत राहिले. मग टायरवर बसले आणि म्हणाले, "अठरा झालेत, बारा उरलेत. मी आत्ता हसलो आणि तिचा पाय घसरला तर? एकदा आधी आनंद केला होता मी, नागपूर. मला भीती वाटते गं." एवढा उंच माणूस, पण टायरवर बसल्यावर अगदी लहान दिसत होता. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

दीड-दोन महिने असेच गेले; थेरपिस्टच्या धाकाने काकू जेमतेम अठरापर्यंत जायच्या आणि पुन्हा खुर्चीत बसायच्या. मग देवाने म्हणा की फुटबॉलवाल्यांनी म्हणा, माझ्या पदरात दान टाकलं. नदीपलीकडच्या मोठ्या लीगने जल्लोषाचा नियम सैल केला. मी बातमी प्रिंट करून घेऊन गेले, कारण स्क्रीनवरचं काका मानत नसत. त्यांनी चष्मा लावून तीनदा वाचलं. गडी मिळून नाचले तर चालेल, जमिनीवर लोळले तर चालेल, चेंडूशी खेळ केला तरी चालेल. समोरच्याला डिवचायचं नाही आणि खेळ रखडवायचा नाही.

"हे अमेरिकेचं झालं," काका घसा खाकरून म्हणाले. "आपण कॅनडात राहतो."

"इतकी वर्षं तिकडचेच नियम लावून ताटं घासून घेतलीत, आज बरी मध्ये नदी आठवली!"

नियम म्हटला की हा माणूस संपला. ते कागद घेऊन काकूंच्या खुर्चीपाशी गेले आणि सरकारी आवाजात म्हणाले, "अगं, त्यांनी नियम बदललाय."

"म्हणजे तुम्ही हसणार?"

"विचार करतो."

"लिहून द्या," काकू म्हणाल्या. काकांनी त्याच प्रिंटच्या मागे लिहिलं: 'शेवटची रेषा पूर्ण ओलांडल्यानंतर जल्लोष करण्यात येईल.' खाली सही. काकूंनी ते वाचलं, 'पूर्ण' या शब्दावर बोट ठेवून "लबाड!" म्हणाल्या आणि वॉकर मागितला.

ऑगस्टमधल्या एका सकाळी काकू वॉकर सोडून, फक्त काठी घेऊन निघाल्या. पुढच्या दाराशी काका, मागे थेरपिस्ट, आणि स्वयंपाकघराच्या दारात मी, तोंडावर हात दाबून. वीस झाले, पंचवीस झाले. अठ्ठाविसाव्याला काकू डगमगल्या, भिंत धरली, पुन्हा निघाल्या. एकोणतिसावी रेषा गेली. आणि दाराशी उभ्या असलेल्या त्या शहात्तर वर्षांच्या माणसाने गुडघा वाकवला आणि खाडकन असा शड्डू ठोकला की भिंतीवरचं घड्याळ थरथरलं.

काकू जागीच थांबल्या. खाली पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "अजून अर्धा फूट आहे."

काकांचा हात मांडीवर तसाच राहिला. चेहरा पांढराफटक. काकू खुदकन हसल्या, उजवा पाय उचलला आणि पांढऱ्या रेषेपलीकडे ठेवला. मग काकांच्या डाव्या खिशात हात घालून पिवळा रुमाल काढला आणि त्यांच्या पायाशी टाकला. सुपारी टक् करून वाजली.

"पंधरा ताटं!"

सकाळची वेळ, तेवढी खरकटी ताटं कुठली? काकूंनी मला कपाटातली स्वच्छ ताटं काढायला लावली. काका सिंकशी उभे राहून ती घासत होते, हसत होते आणि रडतही होते, आणि थेरपिस्ट मला विचारत होती, "इज ही ओके?" मी म्हटलं, "ही इज व्हेरी ओके."

२०१८च्या शेवटी काका गेले, डुलकी लागल्यासारखे, मुकाट्याने. वसंतात मुलगी काकूंना मॉन्ट्रियलला न्यायला आली. निघताना काकूंनी रुमाल माझ्या हातात ठेवला. "तू फार नाचतेस," म्हणाल्या, "स्वतःवरच टाकत जा." मग काठीसुद्धा न घेता ड्राइव्हवे उतरल्या, गाडीत बसल्या, बेल्ट लावला, दार बंद झालं. सगळं पूर्ण झाल्यावर त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि मांडीवर एक थाप मारली.

रुमाल माझ्या खिशात होता. मी तो टाकला नाही.