पालथा ग्लास

कपाशीच्या हंगामात यवतमाळच्या संध्याकाळी सरकीचा उबट, तेलकट वास रस्त्यावर उतरतो आणि जिनिंगमधून सुटलेले कापसाचे तंतू दिव्यांच्या पिवळ्या उजेडात तरंगत राहतात. सत्तावनच्या हिवाळ्यात झरीकडच्या आमच्या खेड्यातून मी इथल्या शाळेत मास्तर म्हणून आलो, तेव्हा या वासाखेरीज शहरात माझ्या ओळखीचे काही नव्हते.

शाळा सुटली की खोली खायला उठे, म्हणून मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन बसे. मालक साठीचे, खादीची टोपी घालणारे. जंगल सत्याग्रहात सरकारी रानातले गवत कापून तुरुंगात जाऊन आलेले. "आमच्या रानातलं गवत, अन् आमालेच मनाई!" असे म्हणताना त्यांचा आवाज अजून तापे. ती हकीकत ते रोज नव्याने सांगत आणि बाकावरचे आम्ही सारे ती रोज नव्याने ऐकत असू. त्या 'आम्ही सारे'मध्ये मी होतो. तो बाक म्हणजे त्या शहरातले माझे घरच होते.

जात कोणी विचारली नव्हती, मीही सांगितली नव्हती. शिवाशीव आता कायद्याने गुन्हा होती. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला नागपूरच्या त्या पांढऱ्याशुभ्र जनसागरात उभे राहून आम्ही दीक्षा घेतली होती, आणि परतल्यावर आईने देव्हाऱ्यातले देव नदीला सोडले होते. मागचे सारे त्यांच्याबरोबरच वाहून गेले, असे मला मनापासून वाटत होते.

एका संध्याकाळी हकीकतीच्या तंद्रीतच मी चहा संपवून उठलो, हौदावर ग्लास खळखळून धुतला आणि बाहेरच्या पायरीवर पालथा घातला. आमच्या बाजारगावी आमचे ग्लास हॉटेलाबाहेर वेगळे असत. ते आपले आपण धुवायचे आणि तसेच पालथे ठेवायचे. लहानपणापासूनचे हाताचे वळण ते.

हकीकत मध्येच थांबली. बाकावर कोणीतरी सरकून बसले.

"कायले धुता मास्तर?" मालक म्हणाले. "मी हाओ ना धुवाले."

त्या स्वरात माया होती की सावधपणा, मला आजही सांगता येत नाही. खोलीवर येऊन मी रडलो. इतके एकटे मला गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतही कधी वाटले नव्हते, कारण तिथे आम्ही सगळेच बाहेर होतो.

दुसऱ्या दिवशी जावे की न जावे यातच दिवस सरला. शेवटी गेलो. बाकाच्या टोकाला बसलो. चहा आला, नेहमीच्याच ग्लासात. पिऊन झाल्यावर हात उठू पाहत होते. ते मी मांडीखाली दाबून धरले आणि मग उष्टा ग्लास मेजावर तसाच सोडून बाहेर पडलो. कोपऱ्याशी थांबलो. तो ग्लास इतरांच्या ग्लासांत जाऊन किणकिणतो की वेगळा ठेवला जातो, एवढेच मला ऐकायचे होते.

तेवढ्यात जिनिंगचा भोंगा झाला, लांबच लांब. तो विरला तेव्हा आत हकीकत पुन्हा सुरू झाली होती. पुढचे सारे मला पाठ होते. रस्त्यावर उभ्यानेच मी ते ओठांतल्या ओठांत म्हणू लागलो, आणि पहिल्याच 'आमच्या'पाशी जीभ अडली.