लग्न झालेले सगळे आजारी

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून बेंगळुरूला आलो आणि कोरमंगलात आम्ही बिनलग्नाच्या चौघांनी मिळून एक खोली घेतली. प्रोग्रामिंगच्या नोकरीशिवाय मला एका मानसोपचार डॉक्टरीणबाईंचं काम मिळालं. त्या बेळगावच्या, सगळे त्यांना अक्का म्हणत. चिंतेचे आणि उदासीचे आजार कॉम्प्युटरने आधीच ओळखावेत, अशी त्यांची इच्छा. लोकांनी भरलेली प्रश्नावली प्रोग्रामला द्यायची, कोण आजारी नि कोण धडधाकट ते सांगायचं, मग त्याने आपलं आपण शिकायचं.

आजारी माणसं अक्कांच्या दवाखान्यातली. धडधाकट मी पुरवायचे. मी खोलीतले तिघे आणि ऑफिसातली पोरं धरून आणली. बिर्याणी मिळत असेल तर ती वाटेल तेवढी धडधाकट व्हायला तयार होती.

प्रोग्राम चुकायचं नाव घेईना. अक्कांनी कौतुकाने आपल्या मोठ्या सरांना बोलावलं. धारवाडकडचे हे सर कधी हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी उत्तरं भरली: झोप उत्तम, भूक उत्तम, चिंता नाही. पडद्यावर उमटलं, उदासीचा आजार, जवळजवळ नक्की.

"स्वल्प थांबा सर," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एकेक उत्तर बदलून पाहू लागलो. 'विवाहित'चं 'अविवाहित' केलं आणि सर ठणठणीत बरे झाले.

अक्कांचे आजारी जवळजवळ सगळे लग्न झालेले, आणि माझे सगळे धडधाकट बिनलग्नाचे होते. पठ्ठ्याने तेवढंच शिकून घेतलं होतं.

"माझ्या घरी सांगू नका," सर म्हणाले, आणि चक्क हसले.

अक्कांनी मला लग्न झालेली धडधाकट माणसं शोधायला पिटाळलं. के. आर. पुरमला माझी मावशी राहायची. तिच्या शेजारच्या काकू म्हणजे सदा हसऱ्या, त्यामुळे पहिल्यांदा त्यांनाच गाठलं. झोपेच्या प्रश्नाशी त्या थांबल्या.

"खरं लिहायचं का रे?"

हो म्हटलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. कित्येक महिने झोप नव्हती, सकाळी उठून उगाच रडू यायचं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मी प्रश्नावली गुंडाळली आणि काकूंना रिक्षाने अक्कांकडे नेलं. वाटभर काकू नवऱ्याच्या घोरण्याला शिव्या देत होत्या.

काकू औषधांनी हळूहळू सावरल्या. प्रोग्राम मात्र धडधाकट विवाहितांची भर पडल्यावर इतका गोंधळला, की अक्कांनी तो बंदच करून टाकला. मीही मग बँकेच्या सॉफ्टवेअरकडे वळलो.