बटाट्या पांढरा झाला त्याची गोष्ट

रंगारी तसा थंड डोक्याचा माणूस. विटलेल्या पँटींवर काळा रंग चढवायचा, ऊन खाऊन खाऊन मेलेले पडदे परत माणसांत आणायचे, हे त्याचं काम. नखांच्या कडा कायम निळ्या-काळ्या. गिऱ्हाइकांची कटकट तो या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचा. पण थोरल्या बहिणीच्या हॅमस्टरने त्याच्या डोक्याचा पार भुगा केला.

ताईच्या लेकीला जुळं झालं. लेक दूरच्या शहरात, म्हणून ताई मदतीला निघाली आणि जाताना पिंजरा भावाच्या हातात देऊन गेली. आत मुठीत मावेल एवढा करडा गोळा, पाठीवर काळी रेघ. नाव बटाट्या.

"जिवापाड जप हं. घरात माझं बोलणं तेवढा एकटाच ऐकतो."

रंगाऱ्याच्या बायकोने दारातच हात आडवा केला. "उंदीर घरात नको म्हणजे नको." मग पिंजरा गेला दुकानामागच्या खोलीत, खिडकीपाशी. रंगाची खरी छटा दिवसाच्या उजेडातच कळते, म्हणून त्या खोलीत दिवा लागायचाच नाही. सूर्य मावळला की कुलूप.

थंडी सुरू झाली आणि बटाट्याचे केस पुंजक्यांनी गळायला लागले. खालून निघाली पांढरी लव. आधी डोळ्यांभोवती, मग पोटावरून वर चढत चढत सगळीकडे. गिऱ्हाइकं हसायची. "काय हो, बटाटा सोललात वाटतं?" एक बाई तर विचारून गेली, "आमच्या मांजरीला गुलाबी करून द्याल का?"

रंगाऱ्याची झोप उडाली. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या त्या ब्लीचच्या पावडरीत लोळला असणार." आणि तो पडदे पोचवायला गेला असताना, उंदीर नको म्हणणाऱ्या त्याच बाईने बटाट्याला शाम्पू लावून चक्क आंघोळ घातली. परत येऊन बघतो तर टॉवेलात लिंबाएवढा ओला जीव लटलट कापतोय.

"अगं, काय केलंस हे!"

"धुतलं. काही केलं तरी ओरडा, नाही केलं तरी ओरडा."

जनावरांची डॉक्टरीण दोघांवरही उखडली. "यांना पाण्याने धुवायचं नसतं, काका. केसांचं तेल निघून जातं, मग ऊब धरत नाही. गारठ्याने मेला असता. वाटीत बारीक, कोरडी वाळू द्या. तो आपला आपण लोळून स्वच्छ होतो. गळालेले केस अडकले तर मऊ टूथब्रश फिरवा, बस."

"आणि हा पांढरा?"

"ही जातच तशी. दिवस लहान झाले की पांढरी होते, मोठे झाले की परत करडी."

"पण ताईकडे कधी झाला नाही तो!"

"त्यांच्याकडे रात्री उशिरापर्यंत दिवे असतात?"

दिवे? ताईच्या घरी मध्यरात्रीपर्यंत ट्यूबलाइट आणि टीव्ही दोन्ही भांडत असायचे.

हे सगळं त्याने व्हिडिओ कॉलवर ताईला सांगायला घेतलं. पण तिला पांढरा बटाट्या दिसला मात्र, पुढचं काही तिच्या कानात शिरलंच नाही.

"हा माझा नाही."

"ताई, ऐक तरी..."

"माझा मेला ना? खरं सांग. का तूच रंगवलास?"

"मी पँटी रंगवतो, ताई! पँटी!"

तिने फोन ठेवला. जावयाला जुळ्यांच्या दुपट्यांत गुंतवून ती आठवड्याच्या आत परत आली. दुकानात शिरली ती थेट मागच्या खोलीत. पिंजऱ्याचं दार उघडलं आणि प्रवास, लेकीच्या घरातलं काम, जावयाचं घोरणं असं सगळं गाऱ्हाणं बटाट्यापुढे सुरू केलं. तो पांढरा गोळा वाळूतून उठला, अंग झटकलं आणि तिच्या तळहातावर येऊन पसरला. ताईचं बोलणं मधेच तुटलं. डोळे पुसत म्हणाली, "हाच तो."

रंगाऱ्याने सुस्कारा सोडला. डॉक्टरणीचं म्हणणं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, लहान दिवस, दिवे, सगळं. ताईने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "तू माझ्या बटाट्याला अंधारात ठेवलंस?"

रंगारी स्टुलावर मटकन बसला.

ताई पिंजरा घेऊन गेली. थंडी सरता सरता बटाट्या पुन्हा करडा झाला. एका सकाळी तिचा फोन आला. "डॉक्टरणीला भेटून आले. म्हणते, मध्यरात्रीपर्यंतच्या उजेडाने त्याला नीट विश्रांती मिळत नाही. येत्या हिवाळ्यात तुझ्याकडेच आणून ठेवते. टीव्ही काही मला बंद ठेवता यायचा नाही."

रंगाऱ्याच्या शेजारी उभी असलेली बायको फोनकडे वाकून म्हणाली, "आणा हो वन्सं. वाळू मी चाळून ठेवते."