सिग्नल तुटल्यावर थांबणारी गाडी

पदव्युत्तर परीक्षा देऊन मी ताडकळसला परतले, तेव्हा गावातल्या माझ्या साऱ्या मैत्रिणी सासरी गेल्या होत्या. आई-वडील सकाळीच शेतात जात. दिवसभर घरात मी आणि टेबलावर अर्धवट जोडलेली गाडी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी नोकरीसाठी अर्ज केला होता. त्यांची अट स्पष्ट होती: रेडिओवर चालणारे वाहन स्वतः बांधा, मुलाखतीत चालवून दाखवा आणि सिग्नल तुटल्यास ते आपोआप थांबते हे सिद्ध करा.

सांगाडा मी पीव्हीसीच्या तुकड्यांचा केला, चाके झिजलेल्या स्लिपरांच्या रबरातून कापली. रिमोट साबणाच्या डबीत बसवला. बॅटरी पाठीवरच्या फवारणी पंपाची होती. फवारणीच्या दिवशी ती जागेवर पाहिजे, एवढेच वडिलांनी बजावले. अंगणातल्या काळ्या मातीत चाके रुतत, म्हणून चाचण्या बाजाराच्या मैदानावर घेऊ लागले. आठवड्यातला बाजाराचा दिवस सोडला, तर तिथे रिकाम्या ओट्यांखेरीज काही नसे. पंधरा दिवसांत मी चोवीस चाचण्या नोंदवल्या. एकही फसली नव्हती, आणि याचा मला अभिमान होता.

शेताकडे निघालेली आई एकदा मैदानाच्या कडेला थांबली. बराच वेळ पाहून म्हणाली, "औतामागं चालल्यावानी का चालायलीस माय? हातात यंत्र हाय नं? मंग हितंच उभी राहा की."

मी थबकले. खरोखरच, गाडी सुटली की मी तिच्या मागे चार पावलांवर चालत असे. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सगळे कासरा धरून असेच चालत आले. पायांना दुसरी रीत ठाऊक नव्हती. चोवीस चाचण्यांत सिग्नल तुटण्याइतके अंतर एकदाही पडले नव्हते. मला जी गोष्ट सिद्ध करायची होती, तीच मी कधी तपासली नव्हती.

मी जागेवर उभी राहिले आणि गाडी सोडली. ती लहान होत गेली. मी बटण सोडले, तरी ती जातच राहिली आणि शेवटच्या ओट्यावर आदळली. शेवटचा मिळालेला हुकूम ती पाळत होती. नवा हुकूम आला नाही तर काय करायचे, हे मी तिला सांगितलेच नव्हते. पुढचा आस मोडला. पुढच्या वेळी गाडी अडवायला पलीकडच्या टोकाला थांब, अशी मी आईला विनंती केली, पण खुरपणीच्या बाया खोळंबल्या होत्या. "येते गं," म्हणून ती गेली.

आस मी दोन दिवसांत बदलला. प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढवल्या: अर्धा सेकंद संदेश आला नाही, तर मोटर बंद. मुलाखत तिसऱ्या दिवशी होती, फोनवरच्या व्हिडिओ कॉलवर.

परीक्षकांना सिग्नल तुटलेला दाखवायचा, तर एकाने रिमोट घेऊन दूर जायला हवे आणि दुसऱ्याने फोन धरायला हवा. दुसरे कोणी नव्हते. मी फोन ओट्यावर टेकवला, गाडी विटांवर ठेवली, चाके अधांतरी फिरू लागली. मग बटण दाबून धरून पाठमोरी चालू लागले. किती दूर जावे याचा अंदाज नव्हता, म्हणून मैदान संपले तरी चालत राहिले, पार बसथांब्यापर्यंत. तिथून गाडी दिसत नव्हती. चाके थांबली की नाही, हे परीक्षक पाहत होते. मला कळायचा काही मार्ग नव्हता. बसची वाट पाहणाऱ्या दोन बाया माझ्या हातातल्या साबणाच्या डबीकडे पाहत राहिल्या.

धावत परतले तेव्हा पडद्यावर एकच परीक्षक उरले होते.

"चाकं कधीचीच थांबली," ते म्हणाले. "आम्ही तुम्हाला हाका मारत होतो. मदतीला कोणी नाही का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी काहीतरी लिहून घेतले आणि रुजू कधी होऊ शकाल, असे विचारले. मला धाप लागली होती. त्यातच मी तारीख सांगितली.