प्रशिक्षकाची रिकामी खुर्ची

सकाळी टीव्हीवर अमेरिकेतला बास्केटबॉलचा सामना चालू होता. गोरा प्रशिक्षक पायावर पाय टाकून बसलेला. त्याचा संघ लागोपाठ हरतोय, तरी समालोचक म्हणत होता, त्याला अजून वेळ द्यायला हवा. समोरचा कृष्णवर्णीय प्रशिक्षक जिंकत होता, पण रेषेलगत नुसत्या येरझारा घालत होता. चर्चा मात्र त्याची नोकरी टिकेल का, याचीच. त्याची रिकामी खुर्ची बघून मलाच बेचैन व्हायला लागलं.

“जिंकतोय ना, मग बसत का नाही हा?” मी दादाला विचारलं. दादा कॉलेजात कंत्राटावर बास्केटबॉल शिकवतो. आमच्या वस्तीतून तिथवर पोचलेला तो एकटाच.

“आपल्यातला माणूस बसलेला दिसला की लोक म्हणतात, सुस्तावला.”

मी मागे वळून पाहिलं. सोफा अख्खा रिकामा होता, आणि दादा चहाचा कप घेऊन मघापासून उभाच होता.