शाळेमागचा राब

गुरुजींनी स्वतःच्या हाताने काडी लावली आणि शाळेचं कुंपण पेटलं. गुरुजी "पाणी, पाणी" करत जागच्या जागी फिरू लागले. मी ओल्या टहाळाने आग बडवत होते. माझी पुतणसून मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता कळलं, कुठल्या अंगानं लावायचं ते? काकी, तुम्ही बडवा."

खरं बोलून माणसाला हैराण करणारी अशी बाई पोलादपूर तालुक्यात दुसरी नाही. चुकत असती तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. पण तिचं बरोबरच असतं, हाच त्रास. एकदा कशेडी घाटात दरड आली, तेव्हा एका ट्रकवाल्याने तिला आडवाट विचारली आणि वर शंका घेतली. ही त्याच्या शेजारी चढून बसली, त्याला खेडला पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी परत आली. तोवर तिची म्हैस मी पिळली. एका लग्नात भटजींनी नवरीच्या आजोबांचं नाव चुकवलं, तर हिने मंगलाष्टकं थांबवली. मुहूर्त टळला. तरीही नवरा-नवरी सुखात आहेत, म्हणून भटजी आजही तिच्याशी बोलत नाहीत.

तिचा नवरा मुंबईला, घरी ती आणि चौथीतली मुलगी. मार्चमधल्या चाचणीत प्रश्न आला, भातशेतीची कामं क्रमाने लिहा. पोरीने आईला विचारून पाठ केलं होतं. पहिलं काम लिहिलं, राब भाजणे. आमच्याकडे पावसाआधी शेताच्या तुकड्यावर शेण, टहाळ, गवत आणि वर माती पसरून भाजतात, मग तिथे रोप करतात. गुरुजी घाटावरचे, तिकडे राब भाजत नाहीत. त्यांनी लाल शून्य दिलं.

पोर घरी येऊन म्हणाली, "तुझं ऐकलं म्हणून चुकलं. आता तुला काय नाय विचारणार." आणि विचारेना. दोन दिवस पुतणसुनेने कोणाचीही चूक काढली नाही. मला वाटलं, आजारी पडली.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या कुंपणालगतच्या आपल्या शेतात तिने राब रचला आणि गुरुजींना बोलावलं. पोर कुंपणाशी उभी होती.

गुरुजी म्हणाले, "अहो, पुस्तकात नांगरणी पहिली आहे."

"पुस्तकाचं शेत कुठं हाय?"

"ताई, तीन गुणांसाठी एवढं?"

"गुण ठेवा तुमच्याकडं. पोरीला सांगा, तिची आई खोटं शिकवते काय ते."

गुरुजी चिडले. "द्या ती काडी. बघू तरी तुमचा राब."

"वारा येतो त्या अंगानं लावू नका. आग पळंल."

"आग कुठूनही लागते," म्हणाले, आणि लावली.

अर्धं कुंपण गेलं, गुरुजींच्या भुवया गेल्या. माणूस वाईट नव्हता. तोंड पुसून त्यांनी पेपर आणवला, तिथेच शून्य खोडून तीन लिहिले आणि पोरीला म्हणाले, "आईचं बरोबर होतं. माझं चुकलं."

संध्याकाळी पोर वही घेऊन आईजवळ बसली, एवढं मी पाहिलं.

आता पोर मुंबईला बापाकडे शिकते. रोज फोन करून विचारते, भाताला पाणी किती, तापावर काय घेऊ. आणि आई सांगते तसंच करते. गुरुजींची बदली झाली. त्या आगीपाशी होतो ते आम्ही चौघंही धडधाकट आहोत. वाडीत मात्र आम्ही दोघीच आहोत.